उमेद कुठून येते? सातारा-सांगलीच्या शाळांमागची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचे निकाल लागले की सातारा आणि सांगलीच्या वर्तमानपत्रांत दोन मजकूर शेजारी-शेजारी दिसतात. एकीकडे गुणवंतांचे फोटो, दुसरीकडे ‘मुलांवर दबाव आणू नका’ असं पालकांना आवाहन. पुढे हीच मुलं पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावताना किंवा अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करताना भेटतात. जागा थोड्या असतात, त्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला एकदा तरी नापास होणं येतंच. त्या दिवशी मनाचं काय करायचं, हे मात्र त्यांना कुठल्याच इयत्तेत शिकवलेलं नसतं. ही उणीव आजची नाही. माणूस कशामुळे वागतो याचं एक विशिष्ट उत्तर आपल्या शाळांनी फार पूर्वी मान्य केलं आणि ते अजून सोडलेलं नाही.

ते उत्तर म्हणजे भीती आणि बक्षीस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खासगी शाळांना अनुदान मिळायचं ते परीक्षेच्या निकालावर. किती मुलं पास झाली त्यावर पैसे ठरत. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारा सरकारी अधिकारी, तपासणीला यायचा म्हटलं की मास्तर धास्तावत आणि ती धास्ती छडीच्या रूपाने मुलांच्या हातावर उतरे. याच सुमारास मानसशास्त्रही याच दिशेने चाललं होतं. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पिंजऱ्यात कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की ज्या हालचालीने सुटका आणि खाणं मिळतं, ती पुन्हा पुन्हा केली जाते. १९१३ मध्ये वॉटसनने मनाचा विचार बाजूला ठेवून फक्त वर्तन अभ्यासायचं असं जाहीर केलं. पुढे स्किनरने उंदीर आणि कबुतरांवर हे शास्त्र फार बारकाईने बांधलं. यात खोटं काही नव्हतं. पाढे पाठ करून घ्यायला ही रीत चालते. प्रश्न एवढाच की तपासणारा निघून गेल्यावर काय उरतं?

१९४९च्या सुमारास हॅरी हार्लोच्या प्रयोगशाळेत माकडांना कड्या-खिट्यांचं एक कोडं दिलं होतं. खाऊ नाही, शिक्षा नाही, तरी माकडं ते सोडवत बसली. सोडवण्यातच त्यांना गोडी होती. १९७१ मध्ये एडवर्ड डेसीने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली आणि काहींना ती सोडवण्याचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्यांचा मोकळ्या वेळेतला रस कमी झाला. दोन वर्षांनी बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग झाला. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देऊ, असं आधीच सांगितलेली मुलं नंतर कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. डेसी आणि रायन यांनी यातून पुढे जो सिद्धान्त मांडला, त्यानुसार माणसाला आतून तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता येणं, काहीतरी नीट जमतंय याची खात्री, आणि आपल्या माणसांत असल्याची भावना.

या तिन्ही गोष्टी एका वसतिगृहात रोज घडत होत्या, तेही या प्रयोगांच्या कितीतरी आधी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये काम साताऱ्याला आलं आणि धनिणीच्या बागेत छत्रपती शाहू बोर्डिंग उभं राहिलं. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, स्वयंपाकाला आणि शेतीकामाला हात लावायची. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, हे साताऱ्यात घराघरांत सांगितलं जातं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य तिथे नुसतं भिंतीवर नव्हतं. मुलाने पिकवलं तर मुलगा खात होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भाऊराव मानसशास्त्राचा प्रयोग करत नव्हते. त्यांच्यापुढे दारिद्र्य होतं, जातीची भिंत होती आणि पैसा नव्हता. बोर्डिंगमध्ये शिस्तही कडक होती. ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं म्हणणं सोपं आहे, पण त्याने ना शास्त्र कळतं ना भाऊराव. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. ज्या मुलाला गावात पाणवठ्यापासूनही लांब ठेवलं जायचं, त्याला इथे रोज अनुभव येत होता की आपण हात लावला की काहीतरी बदलतं.

याच पट्ट्यात दुसरी अशी जागा आहे. औंध संस्थानात १९३९च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथे तटबंदीशिवाय, बायकामुलांसह, शेती करत राहू दिलं गेलं. आज सांगली जिल्ह्यात असलेली ही खुली वसाहत त्या काळी अनेकांना वेडेपणा वाटली असणार. भीती हीच माणसाला धरून ठेवते, असं मानणाऱ्याला तिचं स्पष्टीकरण देता येत नाही.

आपण हात लावला की काहीतरी बदलतं, हा अनुभव इतका मोलाचा का, याचा उलगडा बराच उशिरा झाला. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला, जो आज वाचतानाही त्रास देतो. विजेचा झटका काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून थांबवता येत होता, काहींना काही केल्या थांबवता येत नव्हता. नंतर दोन्ही गटांना अशा जागी ठेवलं, जिथून छोटा अडथळा ओलांडून सुटता येत होतं. पहिल्या गटातली कुत्री सुटली. दुसऱ्या गटातली बरीचशी जागीच पडून राहिली. ती हतबलता शिकली, असा अर्थ लावला गेला आणि कित्येक वर्षं तोच पाठ्यपुस्तकांत राहिला. मात्र २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलं म्हणणं उलटं केलं. दीर्घकाळ यातना झाल्यावर गप्प पडून राहणं हीच मेंदूची मूळ प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. आणि एकदा ते शिकलं की पुढच्या संकटातही ते कामी येतं.

शिक्षणाच्या दृष्टीने या शतकातलं इतकं मोठं वाक्य मला दुसरं माहीत नाही. नापास झाल्यावर खोलीचं दार लावून बसलेला मुलगा दुबळा नसतो. हाताशी काही आहे, हे शिकण्याची संधी त्याला मिळालेली नसते.

अर्थात सगळंच हातात नसतं. लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला सामोरं जाण्याचे दोन मार्ग सांगितले. जिथे परिस्थिती बदलता येते तिथे ती बदलायची, जिथे येत नाही तिथे आपल्या भावना सांभाळायच्या. सांगलीकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. पाणी चढत होतं तोवर जनावरं सोडवणं, धान्य माळ्यावर टाकणं, म्हाताऱ्यांना हलवणं हे पहिल्या मार्गाचं काम होतं. घरात पाणी शिरल्यावर निवारा छावणीत बसून पाणी ओसरायची वाट पाहणं हे दुसऱ्या मार्गाचं. कोणत्या घडीला कोणता मार्ग धरायचा, हे ओळखणं हीच खरी कला. परीक्षेच्या आदल्या महिन्यात नुसतं ‘शांत राहा’ सांगणं आणि निकालाच्या संध्याकाळी ‘अभ्यास वाढव’ सांगणं, दोन्ही चुकीच्या घडीचे सल्ले आहेत.

दुसऱ्या मार्गाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर राहिलेल्या समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक आजही पाठांतर स्पर्धांत म्हटले जातात. त्यात मनाला समोर बसवून बोललं आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तीही माणसाला आपल्याच मनातले विचार तपासायला आणि बदलायला सांगते. कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली, तर ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या संस्थेने मन हा विषय लोकांच्या बोलण्यात आणला. पाठांतर स्पर्धेत मात्र श्लोक आठवला का, हेच पाहिलं जातं.

१९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने शाळांसाठी दहा जीवनकौशल्यं मांडली. त्यात भावनांचं समायोजन आणि ताणतणावाचं समायोजन ही दोन होती. आपल्या शिक्षक प्रशिक्षणात ती आली, व्याख्येसकट पाठ केली गेली, परीक्षेत लिहिली गेली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, हे मोठंच पाऊल. पण छडी गेली तरी टक्केवारीची धास्ती राहिली. सामोरं जाणं शिकवायचं तर मुलांच्या हातात खरं काम द्यावं लागेल: परसबाग, शाळेचा हिशेब, पावसाळ्यात पाण्याच्या पातळीची नोंद, स्नेहसंमेलनाचा खर्च. चुकलं तर निभावून नेता येईल, पण चूक दिसेल, असं काम.

आणि ते देण्याची मोकळीक शिक्षकाला हवी. १९८२ मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी शिकवणाऱ्यांच्या एका गटाला सांगितलं की तुमच्या विद्यार्थ्यांनी अमुक पातळी गाठलीच पाहिजे. तो गट जास्त हुकूम सोडू लागला, उत्तरं स्वतःच सांगून मोकळा होऊ लागला, विद्यार्थ्याला स्वतः विचार करायला जागा कमी ठेवू लागला. आज आपला शिक्षक निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती आणि निकालाची टक्केवारी अशा तिहेरी ओझ्याखाली वर्गात जातो. साताऱ्यात किंवा सांगलीत एखाद्या शाळेला यात बदल करून पाहायचा असेल, तर सुरुवात शिक्षकाच्या या ओझ्यापासून व्हावी, जीवनकौशल्यांची आणखी एक तासिका वाढवून नव्हे.