ओल्या रेतीपासून एक्सपीएसपर्यंत: वॉरगेमच्या पटाखालचा थर

वॉरगेम म्हणजे छोटे शिपाई मांडून लढाई खेळायचा छंद. त्याचा पट, म्हणजे खालचं रणांगण, कशावर उभारायचा, हा प्रश्न या छंदाइतकाच जुना आहे. प्रशियाचे गेऑर्ग लेओपोल्ड फॉन राइसवित्झ आपला युद्धखेळ आधी ओल्या रेतीवर मांडत. राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याला तो पाहायचा होता, पण राजापुढे रेती न्यायची त्यांना लाज वाटली. 1812 मध्ये राजवाड्यात पोहोचलं ते भलंमोठं लाकडी टेबल होतं. त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते उठावात असलेले सुटे चौकोन हवे तसे जुळवायचे. आजचा मॉड्युलर बोर्ड तो हाच. मात्र असलं टेबल साध्या अधिकाऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. 1824 मध्ये त्यांच्या मुलाने 1:8000 प्रमाणाचे नकाशे वापरले आणि खेळ सैन्यात पसरला. जमिनीचा उठाव मात्र गेला.

पुढचा सगळा इतिहास मला या एकाच ओढाताणीचा दिसतो: उठाव हवा, आणि पट उचलून ठेवताही यायला हवा.

एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये छापलेल्या नियमांत खोलीची फरशी हेच रणांगण होतं; त्यावर लाकडी ठोकळे, फळ्या आणि बागेतल्या डहाळ्या. नंतर खेळ टेबलावर चढला. पुस्तकांवर हिरवं कापड टाकलं की टेकडी तयार व्हायची, पण उतारावर शिपाई टिकत नसत. तळासाठी हार्डबोर्ड आला. अमेरिकेत विल्यम मेसन यांनी लाकडाच्या भुश्श्यातून आणि चिपांतून तो 1924 च्या सुमारास घडवला होता. मग फोम. डाऊ केमिकलने 1941 मध्ये एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनचा घट्ट, सलग फोम, बनवला, त्याचा सुरुवातीचा वापर तरंगत्या तराफ्यांसाठी झाला. जर्मनीत बीएएसएफने 1950 च्या आसपास मण्यांचा फोम आणला, तो आपल्याकडे थर्माकोल म्हणून घराघरांत गेला. यातला एकही माल खेळासाठी बनला नव्हता. छंदवाल्यांनी तो बांधकाम आणि पॅकिंगच्या धंद्यांतून उचलला, आणि आजही तसाच उचलावा लागतो.

महाराष्ट्रात थर्माकोलची कथा 23 मार्च 2018 ला वळली. त्या दिवशीच्या अधिसूचनेने सजावटीचं थर्माकोल बंद झालं. मखरासाठी तो घ्यायची सवय मोडली, आणि मला हे चांगलंच वाटतं. कापताना उडणारे ते पांढरे मणी नालीत जातात आणि तिथून, आमच्या नागपुरात, नाग नदीत. पटासाठीही तो कच्चाच होता: कोपरे दाबले जातात आणि स्प्रे पेंटमधलं सॉल्व्हंट त्याला खाऊन टाकतं. सॉल्व्हंटपुढे एक्सपीएसही टिकत नाही, म्हणून त्यावर आधी पाण्यातला अॅक्रिलिक रंग किंवा फेविकॉलचा थर द्यावा. पण एक्सपीएस घट्ट असतो, कापला की कडा रेखीव येतात. छताच्या उष्णतारोधनासाठी आणि कोल्ड स्टोरेजसाठी तो विकला जातो, तिथे चौकशी करावी. तापलेल्या तारेने कापायचा असेल तर खिडक्या उघड्या हव्यात. तो धूर छातीत घेण्यासारखा नाही.

नागपुरात खरी परीक्षा हवा घेते. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, आणि त्याच खोलीत कूलर दिवसरात्र ओल ओतत असतो. जुलैत पाऊस. लाकडी तंतूंचा कोणताही बोर्ड ही ओल घेतो आणि सोडतो. त्यातच वरच्या बाजूला पाणी घातलेला फेविकॉल, रेती आणि रंग चढतो. हा थर वाळताना आकसतो आणि बोर्डाच्या कडा वर उचलतो. उपाय जुना, सुतारांना ठाऊक असलेला: मागच्या बाजूलाही तेवढाच थर द्यायचा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, त्याच्या कापलेल्या कडा विशेष तहानलेल्या असतात, त्या आधी बंद कराव्यात.

वजनाचा हिशेबही करून बघा. सहा बाय चार फुटांचा पट 6 मिलिमीटर एमडीएफचा केला तर सुमारे 10 किलो भरतो, 12 मिलिमीटर प्लायचा 16 च्या आसपास. 50 मिलिमीटर एक्सपीएस साडेतीन किलोंत बसतो, पण एकटा ठेवला तर कडांना खपल्या उडतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने दोन बाय दोन फुटांचे सहा चौकोन करावेत: खाली पातळ प्लाय, वर फोम.

नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यातली सीताबर्डीची लढाई मांडायची असेल तर चौकोनांचे जोड जास्तच जपावे लागतात. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललेल्या त्या झुंजीत सगळा खेळ दोन टेकड्यांचा होता. धाकटी टेकडी भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांनी सकाळी घेतली आणि इंग्रजांनी परत मिळवली. आज दिसणारा किल्ला लढाईनंतरचा, त्यामुळे पटावर तो नको. हव्यात त्या दोन टेकड्या, मधली खोलगट जमीन आणि धाकटीच्या पायथ्यापर्यंत आलेली वस्ती. चौकोनांचा जोड त्या खोलगट भागातून जाऊ देऊ नका. सैन्य तिथूनच ये-जा करतं आणि प्लाय किंचित जरी वाकलं तरी फट नेमकी तिथे पडते. जोड मोठ्या टेकडीच्या मागे, सपाट मैदानात न्यावा.