सायलेन्सरचा धूर आत सोडायचा, की त्याची उष्णता तेवढी घ्यायची?

लाकडाच्या गॅसवर इंजिन चालवणारे 'आम्ही एक्झॉस्ट परत वापरतो' असं म्हणतात, तेव्हा नेमकं काय करतात ते विचारून घ्यावं. कुणी इंजिनाचा धूरच हवेत मिसळून गॅसिफायरच्या, म्हणजे कमी हवेत लाकूड किंवा कोळसा जाळून गॅस बनवणाऱ्या भट्टीच्या, निखाऱ्यांवर सोडतं. कुणी धूर बाहेरच जाऊ देतं, फक्त वाटेत त्याची उष्णता काढून घेतं. पहिल्याने भट्टीचं तापमान उतरतं, दुसऱ्याने चढतं.

धुरात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असते. लालभडक निखाऱ्यांशी गाठ पडली की त्यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे जळणारे वायू तयार होतात. इथेच 'फुकटचं इंधन' हा गैरसमज जन्मतो. या दोन्ही क्रिया उष्णता खातात: कार्बनच्या दर मोलमागे (म्हणजे १२ ग्रॅममागे) पहिली सुमारे १७२ किलोज्यूल, दुसरी १३१. त्या जोमाने चालायला ८००-९०० अंश सेल्सिअस तरी लागतात. धूर सहसा त्याहून बराच थंड असतो. म्हणजे ही उष्णता निखारेच जळून पुरवतात. शिवाय धुराचा मोठा भाग नायट्रोजन, तो गॅस पातळच करतो.

मग कुणी हे करतंच का? लोणारी कोळशावर चालणाऱ्या गॅसिफायरसाठी! कोरडा कोळसा नुसत्या हवेवर इतका तापतो की हवा आत सोडणारे नोझल जळतात आणि राख वितळून तिचे खडे होतात. तिथे थोडा धूर सोडला तर जादा उष्णता गॅस बनवण्यात खर्ची पडते आणि नोझलही टिकतात. लाकडाची गोष्ट उलटी. त्यात ओलावा मुळातच असतो, आणि लाकडातून सुटणारा टार, म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ, मोडायला कडक आच हवी. तिथे धूर सोडून भट्टी थंड केली, तर तोच टार इंजिनाच्या व्हॉल्व्हवर चिकटतो. आणखी एक धोका: गॅसिफायर इंजिनाच्या ओढीवर चालतो, धूर मात्र दाबाने येतो. प्रमाण चुकलं तर विषारी कार्बन मोनॉक्साइड झाकणाच्या फटीतून बाहेर पडेल.

लाकडासाठी माझं मत सरळ दुसऱ्या पद्धतीला. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो. एक किलो लाकडाचा ओलावा ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणायला जेमतेम ०.६ मेगाज्यूल लागतात. तेवढ्याच लाकडाच्या गॅसवर चाललेल्या इंजिनाच्या धुरात त्याच्या कितीतरी पट उष्णता असते. वाळवून उरलेल्या उष्णतेने आत जाणारी हवा तापवता येते, किंवा लाकूड भट्टीत पोचण्याआधीच त्याचा कोळसा करायला घेता येतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या ऑल पॉवर लॅब्जच्या यंत्रात हेच केलं आहे: धुराची उष्णता लाकडाच्या कोळसा होण्याला, आणि तयार गॅसची उष्णता वाळवणीला व हवा तापवायला. गॅसची उष्णता काढणं तसंही भागच असतं, कारण गरम गॅस विरळ असतो आणि सिलिंडरमध्ये कमी मावतो.

गरम धूर थेट लाकडाच्या ढिगात मात्र सोडू नये. २०० अंशांच्या पुढे लाकूड करपायला लागतं आणि हवा मिळाली की पेटतं. नुसत्या वाळवणीला रेडिएटरचं ८०-९० अंशांचं पाणी पुरतं. धुराच्या वाटेवर हीट एक्स्चेंजर (धुराची उष्णता काढून घेणारा नळ्यांचा संच) बसवलाच, तर त्याच्या नळ्या रुंद ठेवाव्यात. अरुंद नळ्यांत काजळी साचते, धूर अडतो आणि इंजिनाची ताकद घटते.