लग्नसमारंभात आपल्या कुत्र्याला सहभागी करून घ्यावे का?

तुळशीचे लग्न झाले, मुहूर्त धरले गेले, की घरातल्या कुत्र्यालाही लग्नात मानाने घ्यावे अशी इच्छा घेऊन कुटुंबे आमच्या श्वान-सल्ला केंद्रात येऊ लागतात. या इच्छेमागची माया आम्ही जाणतो. तरीही फोटो कसे येतील याआधी त्या जिवाला तो दिवस झेपेल का, हे पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

आपल्याकडचे लग्न म्हणजे बँड, हलगी, वरातीतला डॉल्बी आणि फटाके. कुत्र्याची श्रवणशक्ती माणसापेक्षा पुष्कळ तीक्ष्ण असते आणि आपल्याला ऐकूही न येणारे बारीक आवाज त्याच्या कानी पडतात. म्हणून लग्नाच्या महिनाभर आधी त्याला संध्याकाळी कोल्हापुरातल्या रंकाळा चौपाटीच्या गर्दीत पट्ट्याने धरून फिरवून पाहावे. तिथे तो सारखे ओठ चाटू लागला, झोप आलेली नसताना जांभया देऊ लागला, कान मागे पाडून शेपटी पायांत घेऊ लागला, तर त्याला कार्यालयात नेऊ नये. तो भुंकत नाही म्हणजे रुळला, असे समजू नये. घाबरलेला कुत्रा पुष्कळदा गप्प होतो, आणि अशा वेळी एखाद्या अनोळखी मुलाने लाडाने गळ्यात हात टाकला तर चावतो.

अशा कुत्र्याला घरच्या हळदीच्या सकाळी, पाहुणे जमण्यापूर्वी, नवरा-नवरीजवळ बसवावे. आमच्या मते बहुतेक कुत्र्यांसाठी हाच मार्ग योग्य आहे.

कार्यालयात न्यायचेच असेल, तर त्याची जबाबदारी त्याच्या ओळखीच्या एकाच व्यक्तीवर सोपवावी आणि त्या व्यक्तीकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. मंगलाष्टका संपताच, वाजंत्री सुरू होण्याआधी, त्याला घरी पाठवावे. एप्रिल-मेच्या उन्हात जरीची शेरवानी घालू नये, कारण कुत्रा अंगाला घाम आणून नव्हे, तर मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. गळ्यात सैल उपरणे पुरे.

पंगतीतले काहीही त्याला देऊ नये. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातील कांदा-लसूण, शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेट हे सारे कुत्र्याला विषारी ठरू शकते, तर शिजलेले हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुतू शकतात. पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवावे.

कार्यालयाची परवानगी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच घ्यावी. घरातील वडीलधाऱ्यांना विश्वासात घ्यावे. दत्तगुरूंच्या तसबिरीत चार श्वान असतात आणि खंडोबाजवळही कुत्रा असतो, त्यामुळे विरोध होईलच असे नाही, पण विधींच्या जागेपासून त्याला दूर ठेवावे असे त्यांनी सांगितले, तर ते मानावे.

रेबीजची लस कधीच दिलेली नसेल, तर ती लग्नाच्या किमान महिनाभर आधी द्यावी, कारण पहिल्या लसीनंतर प्रतिकारशक्ती तयार होण्यास काही आठवडे लागतात. आमच्याकडे सल्ल्यासाठी येताना लसीकरणाचे कार्ड आणि लग्नपत्रिका सोबत आणावी. मुहूर्त आणि वरातीची वेळ पाहून कुत्र्याला केव्हा आणायचे व केव्हा न्यायचे, हे आपण एकत्र बसून ठरवू.