जळितग्रस्तांना कर्ज, मिसाबंदींना मानधन

राजकीय हिंसेत होरपळलेल्यांसाठी कायद्याने काय करावं, हा प्रश्न कोल्हापूरपुढे १९४८ मध्येच उभा राहिला. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली. मारेकऱ्याची जात कळताच पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी ब्राह्मणांची घरं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. त्यात तयार चित्रपटही गेला, तो त्यांना पुन्हा काढावा लागला. संस्थान तेव्हा विलीन व्हायचं होतं. ते झालं १ मार्च १९४९ला.

कोल्हापुरातल्या दंगलीची न्यायमूर्ती कोयाजींनी चौकशी केली. जळितग्रस्तांना घरं बांधायला सरकारी कर्जं मिळाली. म्हणजे ज्याचं घर लोकांनी जाळलं, त्यानेच हप्ते भरायचे! नुकसानीची जबाबदारी शासनाची, असं म्हणणारा कायदा कुणी केला नाही. चौकशी आयोगांचा केंद्रीय कायदा आला १९५२ मध्ये. त्याखाली नेमलेल्या आयोगाचा अहवालही सरकारवर बंधनकारक नसतो.

आणीबाणीनंतर गाडी थोडी पुढे सरकली. १९७७ मध्ये आणीबाणीतल्या अतिरेकांच्या चौकशीसाठी शहा आयोग बसला. पुढच्या वर्षीच्या ४४व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीतही कलम २१चा, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा, हक्क बजावण्यासाठी कोर्टात जाण्याची वाट बंद करता येणार नाही, अशी तजवीज केली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं काम एवढंच, कारण ते सरकार बदललं म्हणून पुसलं जात नाही. मिसाबंदींच्या, म्हणजे आणीबाणीत ‘मिसा’ कायद्याखाली तुरुंगात डांबलेल्यांच्या, मानधनाचं तसं नाही. राज्य सरकारने ते २०१८ मध्ये सुरू केलं, दुसऱ्या सरकारने २०२०मध्ये बंद केलं, तिसऱ्याने २०२२ मध्ये पुन्हा चालू केलं. शासन निर्णयावर उभी असलेली गोष्ट शासन निर्णयानेच पडते. कुणी तुरुंगात काय सोसलं, याला सत्ताधारी पक्षाप्रमाणे किंमत यावी, हे काही बरं नव्हे.

स्पेनने वेगळी वाट धरली. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७च्या माफी कायद्याने आधी सगळ्यावर पडदा टाकला. मग २००७ मध्ये ऐतिहासिक स्मृतीचा आणि २०२२ मध्ये लोकशाही स्मृतीचा कायदा झाला. दुसऱ्या कायद्याने हुकूमशाहीतल्या राजकीय खटल्यांच्या शिक्षा रद्दबातल ठरवल्या आणि सामूहिक दफनभूमीतल्या मृतांचा शोध ही सरकारची जबाबदारी केली. तिथेही पक्षांमध्ये यावरून जुंपतेच, पण निदान संसदेत.

आपल्याकडे आज पीडिताला आधार आहे तो फौजदारी कायद्यात. २००८च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ची व्याख्या आली आणि कलम ३५७अ खाली भरपाईची योजना, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. तिथे हत्या राजकीय की खासगी, हा भेद नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडून झालेला कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरेंचा खूनही कायद्याच्या लेखी खुनाचाच खटला. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, त्यामुळे अशा प्रकरणांतल्या अर्जांसाठी मुंबईची वारी तेवढी टळली.