व्हिसोत्स्की ना आघाडीवर लढला, ना तुरुंगात गेला

सोव्हिएत नट आणि गायक व्लादिमिर व्हिसोत्स्की महायुद्धात लढला, पुढे कैद्यांच्या छावणीत शिक्षाही भोगून आला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही खोटं. त्याचा जन्म २५ जानेवारी १९३८ चा, मॉस्कोतला. १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला तेव्हा तो तीन वर्षांचं पोर होता. सैन्यात होते ते त्याचे वडील.

गैरसमजाचं मूळ त्याच्या गाण्यांत आहे. सैनिक, कैदी, गिर्यारोहक, खलाशी, ज्याचं गाणं त्याच्या तोंडून तो ‘मी’ म्हणून गायचा. त्या खरखरीत आवाजावर लोकांचा एवढा विश्वास की, आमच्या पलटणीतला तो तूच का, अशी विचारणा करणारी पत्रं त्याला येत. माझ्या मते ही त्याच्यातल्या नटाला मिळालेली सर्वांत मोठी दाद होती. हे कसब त्याने मॉस्को आर्ट थिएटरच्या नाट्यशाळेत कमावलं. १९६४ पासून तो तागान्का नाट्यगृहात होता. तिथे १९७१ पासून त्याचा गिटारवाला हॅम्लेट गाजला. १९७९ च्या टीव्ही मालिकेतल्या पोलीस कप्तान झेग्लोवने तो घरोघरी पोचला. शेवटचा हॅम्लेट त्याने १८ जुलै १९८० ला केला आणि आठवड्याभरात, बेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.