एकाच कानाला दडा

घाट उतरताना कानाला दडे बसतात, आवंढा गिळला की सुटतात. सर्दीतले दडेही सर्दीबरोबर जातात. त्यामुळे ही तक्रार कुणी फारशी मनावर घेत नाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानाचा दडा, सर्दी नसताना, आठवडे उलटले तरी सुटत नसेल तर नाकाच्या मागे डोकावून बघायला हवं.

पडजिभेच्या वर, नाक जिथे घशाला मिळतं तिथे एक पोकळी आहे : नासाग्रसनी. तिच्या दोन्ही भिंतींत मध्यकर्णाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नलिकेचं तोंड असतं. ही साधारण साडेतीन सेंटिमीटरची नळी एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा स्नायू ती क्षणभर उघडतो आणि कानाच्या पडद्यामागे हवा शिरते. ती शिरायलाच हवी, कारण मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा सतत शोषत असतं. नळी बंद पडली की आतला दाब उतरतो, पडदा आत ओढला जातो, अस्तरातून पाणी झिरपतं. मग पाण्यात बुडी मारल्यासारखं ऐकू येतं. आता, या नळीच्या तोंडामागेच एक खाच आहे, रोझेनम्युलरची, आणि नासाग्रसनीचा कर्करोग बहुतेकदा तिथेच सुरू होतो. तो वाढताना नळी दाबतो किंवा त्या स्नायूलाच निकामी करतो.

कानात तेल ओतणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं : तेल पडद्याच्या अलीकडे, पाणी पलीकडे.

पुष्कळदा रुग्णाला आधी जाणवते ती मानेतली न दुखणारी गाठ, कारण हा कर्करोग मानेतल्या लसीकाग्रंथींत (संसर्गाशी लढणाऱ्या पेशींच्या छोट्या गाठींत) लवकर पसरतो. नाक एका बाजूने चोंदतं, शेंबडात किंवा सकाळच्या थुंकीत रक्ताची रेघ दिसते. नाकामागची मूळ गाठ कवटीच्या तळाशी पोहोचली तर डोळा बाहेर वळवणारा सहावा मज्जातंतू तिच्या तावडीत सापडतो आणि एकाचे दोन दिसू लागतात.

या रोगाशी 1964 साली सापडलेल्या एप्स्टाइन-बार विषाणूचं नातं आहे. म्हणून कुणी त्याच्या प्रतिपिंडांचा अहवाल दाखवून घाबरवलं तर घाबरू नका; दहातल्या नऊहून अधिक प्रौढांना हा विषाणू कधीतरी भेटलेलाच असतो.

कान-नाक-घसातज्ज्ञ नाकातून बारीक दुर्बीण घालून ती खाच काही मिनिटांत पाहतात. मात्र सुरुवातीची गाठ अस्तराखाली दडलेली असू शकते. म्हणून दुर्बिणीत काही दिसलं नाही, तरी संशय उरला तर एमआरआय करतात, आणि निदान पक्कं होतं ते गाठीचा तुकडा तपासूनच.