बिल्बाओ: म्युझियमच्या आधीचं शहर

उत्तर स्पेनला जाणारे बरेच जण बिल्बाओला एक दिवस देतात, गुगेनहाइम म्युझियम बघतात, बाहेरच्या फुलांच्या कुत्र्यासमोर फोटो काढतात आणि पुढे सॅन सेबॅस्टियनला निघतात. मग सगळीकडे एकच गोष्ट सांगितली जाते, की एका म्युझियमने बुडालेलं शहर वर काढलं. ही गोष्ट अर्धवट आहे.

बिल्बाओच्या लोखंडाच्या खाणी, इंग्लंडला जाणारं खनिज, पोलादाच्या भट्ट्या, हे कुठेही वाचायला मिळतं. सध्याचं शहर कळायला १९८० नंतरचं बघावं लागतं. ऑगस्ट १९८३ मध्ये नर्व्हियॉन नदीला पूर येऊन जुनं शहर पाण्यात गेलं आणि त्याच सुमाराला माद्रिदच्या सरकारने तोट्यातले कारखाने आणि गोद्या बंद करायला घेतल्या. १९८४ मध्ये एउस्काल्दुना गोदीचे कामगार देउस्तोच्या पुलावर पोलिसांशी आठवडेच्या आठवडे भिडत होते, पोलीस गोदीत घुसले त्या दिवशी एका कामगाराचा जीव गेला. १९८८ ला गोदीला टाळं लागलं. आज तिथे कॉन्सर्ट हॉल आहे आणि शेजारी गोदीची लाल क्रेन तेवढी ठेवलीय.

आता वादाचा मुद्दा. १९९१ च्या शेवटी बास्क सरकारने (बिल्बाओ ज्या स्वायत्त प्रांतात येतं तिथल्या) म्युझियमसाठी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संस्थेशी करार केला, त्यात इमारतीचे साधारण १० कोटी डॉलर, कलाकृती घ्यायला ५ कोटी आणि नुसतं नाव वापरायचे २ कोटी, वर दरवर्षीचं अनुदान वेगळं, आणि हे सगळं सरकारी तिजोरीतून. घराघरात बेकार माणूस बसलेला असताना हा खर्च लोकांना खटकला, स्थानिक कलाकारही चिडले, आणि त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. सरकारचं म्हणणं होतं की या भागाचं नाव बाहेर फक्त ‘एटा’ या बास्क फुटीरतावादी संघटनेच्या बॉम्बस्फोटांच्या बातम्यांत येतं, ते बदलायला असंच काहीतरी भव्य हवं. ऑक्टोबर १९९७ ला म्युझियम उघडलं, पहिल्याच वर्षी १३ लाखांवर लोक आले, आणि वाद तिथेच दबला.

पण तारखा नीट बघा. सांडपाण्याचा आराखडा १९७९ चा, मेट्रो १९९५ ची, आणि बंदर शहरातून हलवून समुद्राच्या तोंडाशी न्यायचं ठरलं म्हणून तर काठावरची जागा मोकळी होऊ लागली. नदीत एकेकाळी ऑक्सिजनच उरला नव्हता, ती साफ करायला म्युझियमच्या इमारतीपेक्षा कितीतरी जास्त पैसा लागला. जमिनीखालच्या पाइपांचे फोटो कोण काढणार, म्हणून श्रेय सगळं म्युझियमच्या बाहेरून मढवलेल्या टायटॅनियमच्या पत्र्यांना मिळालं. नंतर जगभरातल्या नगरपालिकांनी ‘बिल्बाओ इफेक्ट’ म्हणून कॉपी केली तीही नुसत्या इमारतीची, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती फसली.

म्हणून जाणार असाल तर दुसरा दिवस ठेवा आणि मेट्रोने नदीच्या मुखाजवळच्या पोर्तुगालेते गावाला जा. तिथला लोखंडी पूल १८९३ चा, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. खाली केबलवर लटकलेल्या डब्यातून गाड्या आणि माणसं एकदमच नदीपार जातात, रोज कामाला जाणारे लोकही त्यातच असतात. वाटेत सेस्ताओला उतरलात तर १९९६ ला बंद पडलेल्या पोलाद कारखान्याची एक भट्टी अजून उभी दिसेल. नदीचा हा डावा काठ कामगारांचा, आणि नव्या बिल्बाओचा पैसा इथे सगळ्यात कमी पोचलाय.